गाडी रविवारी गप्प असते

१४ सप्टेंबर २००४, मंगळवार

गाडी आली. पांढरी, सेकंडहँड, मागच्या दाराला हलकासा पोचा. माझ्या नवऱ्याच्या, धम्मदीपच्या, प्लांटमधल्या एका साहेबांची बदली झाली, त्यांची ही. "धम्मचक्र दिनापर्यंत वापरून पाहा, नाही पटली तर परत घेतो," असं म्हणालेत. भला माणूस. गाडीला चोरीचा अलार्मही आहे, ते नागपुरात असताना बसवलेला. गडचांदुरात त्याचा काय उपयोग कोण जाणे. आमच्या गल्लीत परकी शेळी शिरली तरी समोरची कलाबाई तिच्या मालकाचं नाव सांगते.

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, इंजिनाची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढते, पण गाडी चालवता येत नाही. आता शिकणार. म्हणजे लेकीला, मैत्रीला, शाळेत मीच सोडीन आणि मीच आणीन. सध्या तिला बाबा लुनावर नेतात, आणि तो रस्ता सगळा सिमेंटच्या ट्रकांचा. धूळ एवढी की ट्रक अंगावर आल्यावर दिसतो. ती दोघं वळणापलीकडे गेली की तिसऱ्या तासापर्यंत माझं फळ्याकडे लक्ष नसतं.

बाबा म्हणजे माझे सासरे, खुशालराव. चुनखडीच्या खाणीत सुरुंग लावणाऱ्यांच्या टोळीत होते, आता निवृत्त. सासूबाई गेल्यापासून त्यांचा सगळा दिवस मैत्रीच्या शाळेभोवती फिरतो. लुना पुसायची, टायर दाबून पाहायचे, तिची पाण्याची बाटली भरायची. आज गल्लीने गाडीला हात लावून पाहिला, पेढे खाल्ले. बाबा शेवटी आले. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मंग आता मी काय करू?"

मी चहा ठेवायला आत गेले.

१६ सप्टेंबर, गुरुवार

काल दुपारी आणि आज दुपारी गाडीचा अलार्म आपोआप वाजला. मी शाळेत होते, त्यामुळे सगळी हकीगत कलाबाईच्या तोंडून. "तुमची गाडी बोंबलली ना वो बाई! कोणी हात नाई लावला, काई नाई. माह्या हातची परात पडली." थोड्या वेळाने ती आपसूक गप्प झाली म्हणे. म्हणजे गाडी. कलाबाई झाली नाही.

तिच्या मते हे भुऱ्या मांजरीचं काम. मला ही कल्पना आवडली, कारण ती तपासता येते. दुसरीकडे असतं तर टपावर पीठ भुरभुरावं लागलं असतं. आमच्याकडे सकाळी पुसलेली गाडी संध्याकाळी सिमेंटच्या धुळीने आयतीच माखते. बारकाईने पाहिलं. मांजरीचं एकही पाऊल नाही. बॉनेटवर फक्त एक पंजा उमटलेला, माणसाचा. पण सगळ्या गल्लीने गाडी चाचपली आहे, तो कोणाचाही असेल.

मांजर निर्दोष सुटली.

१९ सप्टेंबर, रविवार

चंद्रपूरहून सरफराज आला. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. मूळचा नागभीडकडचा, आता चंद्रपुरात मामाच्या दुकानात बसतो. फक्त रविवारीच मोकळा असतो म्हणाला. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खरवडली, दाराचा एक स्विच बदलला, डॅशबोर्डखाली डोकं घालून बराच वेळ गुणगुणत राहिला. मी शेजारी उभी राहून प्रश्न विचारत होते. दार उघडलं की स्विच सुटतो, काचेवर कोणी ठोकलं की धक्क्याने वाजतो, असं त्याने हौसेने समजावलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडी एकदाही वाजली नाही.

"आता वाजली तर माहं नाव बदलून टाका, बाई," असं म्हणून तो गेला.

सकाळी मैदानावर धम्मदीपने मला गाडी शिकवली. क्लच सोडला की गाडी उडी मारते. मीही मारते.

२० सप्टेंबर, सोमवार

दुपारी वाजली. रात्री जेवताना सरफराजला नवं नाव काय द्यावं यावर चर्चा झाली. मैत्रीने "भोंगाराम" सुचवलं.

धम्मदीप मात्र हसला नाही. त्याची रात्रपाळी चालू आहे. दुपारी डोळा लागतो तोच ही बोंब. "आखीन थोडे दिवस पाह्यतो. नाई तर साहेबाले फोन करतो, घेऊन जा म्हणतो. मले झोप पाह्यजे, गाडी नाई," म्हणाला. त्याचंही खरं आहे. पण मला ती गाडी हवी आहे. त्या रस्त्यावरून मैत्री लुनावर जाते हे मला सहन होत नाही.

बाबा दुपारभर घरीच असतात, कडुनिंबाखाली गाडीशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचतात. म्हणून त्यांना विचारलं, "बाबा, दुपारी गाडीजवळ कोणी येते का?" त्यांनी पेपराची घडी घातली आणि उठून गेले. जणू मी तिथे नव्हतेच. तोच प्रश्न धम्मदीपने शेजारी बसून विचारला, तर लगेच उत्तर, "कोणी नाई येत."

म्हणजे राग माझ्यावर आहे. गाडीचा आग्रह माझा होता ना. हल्ली हाक मारली तरी वळत नाहीत. मैत्रीशी मात्र सगळं गोड. ती जाऊन त्यांची बाही ओढते, समोर उभी राहते, मग दोघांच्या गप्पा सुरू. सत्तरीच्या माणसाने अबोला धरावा आणि तोही एवढा नेटाने, याचं मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

परवा नववीच्या वर्गाला हा प्रश्न घातला. पोरं प्रकाशाचे नियम विसरून गाडीवर तुटून पडली. एकजण म्हणाला उन्हाने होत असेल. काल बाबांना खुणेनेच सांगून बॉनेटवर ओलं पोतं टाकलं, तरी वाजली. दुसरा म्हणाला कावळा. कावळ्याला रोज दुपारचीच वेळ का सुचावी?

मग कॅलेंडरवर खुणा केल्या तेव्हा एक गोष्ट दिसली. गाडी रविवारी वाजत नाही. आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज वाजली, रविवार तेवढा सोडून. मला इतका आनंद झाला की वरण करपलं. यंत्राला वार कसा कळतो? वर्गात सांगितलं तर पोरं म्हणाली, "मॅडम, तिले बी सुट्टी असते."

रविवारी आमच्या घरी असं काय नसतं जे इतर दिवशी असतं? डोकं खाजवून एकच उत्तर आलं, आणि ते मला आवडलं नाही. इतर दिवशी दुपारी बाबा गाडीजवळ एकटे असतात. रविवारी आम्ही सगळे घरी.

संध्याकाळी कलाबाई कुंपणाशी आली. इकडेतिकडे पाहून म्हणाली, "सांगू का नको म्हणत होती. तुमचा बुढा गाडीवर हात ठेवते ना वो. मी माह्या डोयानं पाह्यलं. हात ठेवला का बोंब!"

बॉनेटवरचा तो पंजा आठवला. पण बाबा असं करतील? गाडी परत गेली की मैत्रीला पुन्हा तेच नेणार, हे त्यांना माहीत आहे. मला हे लिहितानासुद्धा लाज वाटते. पण लिहिते, कारण विचार आला आहे.

२८ सप्टेंबर, मंगळवार

अर्ध्या दिवसाची रजा घेतली. डोकं दुखतंय असं घरी सांगितलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. धम्मदीप आत झोपला होता.

बाबा पेपर वाचत होते. मग मनगटावरचं घड्याळ पाहून उठले. तेवढ्यात खाणीचा भोंगा झाला. भोंगा झाला की कुकर उतरवायचा ही सासूबाईंची शिस्त, माझा हात सवयीने गॅसकडे गेला. परत पाहते तो बाबा गाडीशी उभे. उजवा तळवा बॉनेटवर सपाट ठेवला आणि डोळे मिटले. खिडकीची काच खुळखुळली, ती रोजच खुळखुळते. आणि गाडी किंचाळायला लागली.

त्यांनी हात काढला नाही. दचकलेसुद्धा नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, एखादा जुना दोस्त भेटल्यासारखं. मग डोळे उघडून दिव्यांची उघडझाप पाहिली आणि शांतपणे खुर्चीत जाऊन बसले.

माझा संताप संताप झाला. ओट्यावरचा चहा तसाच टाकून बाहेर गेले आणि म्हटलं, "बाबा, हे तुमी मुद्दाम करता ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाई, साखर कमीच टाक."

मी म्हटलं, "माही थट्टा करून राह्यले का?" तर मान हलवून हसले! एवढ्या साध्या माणसात इतका निगरगट्टपणा कुठून आला? मी आत येऊन रडले. चहा दिला नाही.

३० सप्टेंबर, गुरुवार

धम्मदीपला सगळं सांगितलं. तो अंथरुणात उठून बसला. मग म्हणाला, "बाबा असं नाई करत. आन करत असतील, तर गाडी परत देऊन टाकू. त्यायचं दुसरं राह्यलंच काय?"

"आन पोरगी ट्रकखाली आली म्हणजे?"

हे मी बोलायला नको होतं. मैत्री दारात उभी होती. ती तशीच बाबांच्या खोलीत गेली.

शेवटी एवढं ठरलं की सरफराजला एकदा बोलवायचं, रविवारी नाही, वाजते त्या दिवशी. तरीही सापडलं नाही तर गाडी परत.

५ ऑक्टोबर, मंगळवार

काय लिहू आणि काय नको!

परीक्षा सुरू असल्याने मी लवकर सुटले. सरफराज जेवणाच्या वेळेला आला आणि डॅशबोर्डखाली शिरला. त्याचे फक्त पाय बाहेर. आतून म्हणत होता, "वायर ठीक हाय बाई, स्विच ठीक हाय, सब ठीक हाय." धम्मदीप डोळे चोळत पायरीवर बसलेला. कलाबाई बघायला आलेली, बाबा लुना पुसत होते.

एकदम सरफराजचं डोकं स्टेअरिंगवर आपटलं. तो धडपडत बाहेर आला, चेहरा पांढराफटक. गाडी किंचाळत होती, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. "ये क्या हुआ?"

आम्ही विचारलं, "काय झालं?"

"अरे जमीन हिली ना!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मला खरोखरच कळेना हा कशाबद्दल बोलतोय. कलाबाई कळवळून म्हणाली, "ऊन लागलं वाटते बिचाऱ्याले. पानी आना."

"ऊन नाई वो मावशी! धडाम आवाज झाला, पायाखाली हाललं. तुमाले काईच नाई समजलं?"

मग धम्मदीप हळूच म्हणाला, "खाणीतला बार तर नाई म्हणून राह्यला हा?"

बार! रोज दुपारी खाणीत सुरुंग उडतात. रविवारी खाण बंद. आणि यंदा खाणीचं काम आमच्या बाजूला सरकलं आहे. खिडकीची काच रोज माझ्या नाकासमोर खुळखुळते आणि मी कुकर उतरवते. मी नववीला भूकंपाच्या लहरी शिकवते! गडचांदुरात जन्म काढलेल्या माणसाला बार हा आवाज वाटतच नाही. तो दुपारचा भाग आहे, जेवणासारखा.

सरफराजने डॅशबोर्डखालची एक छोटी काळी डबी दाखवली. धक्का बसला की तीच अलार्मला चाळवते, आणि तिचा स्क्रू नागपूरच्या कोण्या शहाण्याने पार कडेपर्यंत पिळून ठेवलेला. त्याने तो मागे फिरवला. "माहं नाव तेच राहू द्या आता," म्हणाला. आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. आम्ही हसतोय हे पाहून बाबाही हसले.

ते हसले तेव्हा माझं हसू थांबलं. त्यांनी काहीच केलं नव्हतं. उद्या माफी मागायची.

६ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी बार झाला. काच खुळखुळली, गाडी गप्प. आमचा प्रयोग यशस्वी.

बाबा गाडीकडे पाठ करून पेपर वाचत होते. मी मागे जाऊन उभी राहिले, कारण समोरून बोलायची हिंमत नव्हती. म्हटलं, "बाबा, माहं चुकलं. मी तुमच्यावर नाई नाई तो संशय घेतला." त्यांनी उत्तर दिलं नाही. अजून राग गेला नसेल म्हणून मी बोलत राहिले, सासूबाई असत्या तर मला रागावल्या असत्या वगैरे. ते पेपर वाचत राहिले. "बाबा," मी जोराने म्हटलं. मान हलली नाही.

आणि मग मला एक शंका आली. गाडीचा रिमोट हातात होता. मी अलार्मचं लाल बटण दाबलं.

गाडी त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर किंचाळली. कडुनिंबावरचे पक्षी उडाले. कलाबाई दारात आली. बाबांनी पेपराचं पान उलटलं.

अबोला नव्हताच. साखर कमी टाक, ही थट्टा नव्हती. आणि हे आता मैत्रीला आणायला निघणार होते. बाबा उठलेच, खिशातून लुनाची किल्ली काढली. मी पुढे होऊन ती त्यांच्या हातातून घेतली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग गाडीच्या उघडझाप करणाऱ्या दिव्यांकडे, मग माझ्या हातातल्या रिमोटकडे. त्यांना समजलं. खाली बसले.

"केव्हापासून?" मी समोर बसून सावकाश विचारलं.

"हयूहयू गेलं. माणसाचा जाड आवाज जवळून येते. तुहा पातळ आवाज पयले गेला."

"आन गाडीवर हात काऊन ठेवत होते?"

"बार आता कानात नाई येत. पत्र्यावर हात ठेवला का येते." मग म्हणाले, "जल्मभर तेच केलं ना वो. वाटते, पोट्टे बराबर करून राह्यले का नाई ते पाहावं."

मला खूप रडू आलं आणि तितकाच रागही. "तुमाले आयकू येत नाई आन तुमी त्या रस्त्यानं मैत्रीले नेता?"

ते म्हणाले, "तिले माहीत हाय."

मैत्रीला आणायला आम्ही दोघं चालत गेलो. वाटेत तिला विचारलं. म्हणाली, "मी लुनावर उलटी बसते. मागून ट्रक आला की आजोबांच्या पाठीवर थाप मारते. मग ते कडेला घेतात." आजोबांनी शिकवलं का? "नाही, माझी मीच." मग मला का नाही सांगितलंस? ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू त्यांना नेऊ दिलं नसतंस."

बरोबर आहे. नसतंच दिलं. आणि आता तर मुळीच देणार नाही.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

काल आणि आज मी मैत्रीला गाडीने सोडलं. धम्मदीप शेजारी बसला होता. गाडी वाटेत दोनदा बंद पडली, पण पोचलो. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते झालं, आणि घरात सुतक असल्यासारखं वाटतंय. मैत्री जाताना बोलत नाही, येताना बोलत नाही. बाबा तिची बाटली भरून ओट्यावर ठेवतात आणि आपल्या खोलीत जाऊन बसतात. गाडीशेजारची खुर्चीही आत नेली.

चंद्रपूरच्या कानाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं आहे. मशीन लावून थोडाफार फरक पडेल असं धम्मदीपने चौकशी करून सांगितलं. बाबा "पाहू" म्हणाले. मग मला एकटीला गाठून म्हणाले, "गल्लीत सांगू नको. बह्यरा बुढा म्हणतीन. मंग कोणी माह्याशी बोलणार नाई."

संध्याकाळी मी एकटीच मैत्रीच्या शाळेच्या मागून शेतातल्या पांदणीने चालत घरी आले. लांब पडतं, चिखलही थोडा आहे. पण दोन्ही बाजूंना तूर, एक बैलगाडी भेटली आणि एक सायकल. ट्रक त्या वाटेवर शिरूच शकत नाही. हे मला इतके दिवस सुचलं नाही, कारण माझ्या डोक्यात गाडीच होती.

९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी मैत्रीचं दप्तर गाडीत ठेवलं नाही. बाबा बाटली ओट्यावर ठेवून आत वळत होते. गल्ली जागी झालेली, कलाबाई अंगण झाडत होती, दूधवाला सायकल धरून उभा होता. मी फाटकातून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बाबा, मैत्रीले तुमीच न्या. पांदणीनं, पायी पायी."

मैत्रीने त्यांची बाही ओढली, ते माझ्याकडे वळले. इतके महिने अशा वेळी ते नुसतं "हो हो" म्हणून निघून जात असणार. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग कलाबाईकडे, दूधवाल्याकडे. मग हात कानामागे नेला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "जोरानं बोल, नूतन. मले आयकू येत नाई."

कलाबाईचा झाडू थांबला.

मी वर्गातसुद्धा कधी ओरडले नाही इतक्या जोराने ओरडले, "मैत्रीले तुमीच न्या!"

"हां, आता आलं," बाबा म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.